कऱ्हाकाठची गढी आणि तिच्यातला मुक्काम

पुण्याच्या आसपास जुन्या वाड्यांच्या नावावर चालणारी निवासस्थाने आता बरीच झाली आहेत, पण त्यांतल्या अनेक ठिकाणी वाडेपण दर्शनी कमानीपाशीच संपते आणि आत गेल्यावर कोणत्याही रिसॉर्टसारख्या खोल्या लागतात. त्यामुळे पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीच्या खोऱ्यात, एका पाटील घराण्याने आपली गढी तिच्या चालत्या शेतीसह राहण्यासाठी खुली केली आहे हे समजल्यावर आम्ही हिवाळ्यात सासूबाईंना बरोबर घेऊन मुद्दाम तेथे राहायला गेलो. माझे मत आधीच सांगते. ज्या भागात मालकांनी गढीला गढी राहू दिले आहे, तो भाग पुण्याजवळच्या मुक्कामांमध्ये मला सर्वांत आवडलेला आहे. आणि जेथे त्यांनी हॉटेलवाल्यांचे अनुकरण केले आहे, तेथे ते इमारतीचेही नुकसान करीत आहेत आणि पाहुण्यांचेही.

गढीचे आणि गावाचे नाव येथे देत नाही. पुढे काही उणिवा स्पष्टपणे लिहिल्या आहेत. त्या मी मालकांना समोर बसून सांगितल्या आणि त्यांनी दुरुस्तीसाठी पावसाळ्यापर्यंतचा अवधी मागितला. तोवर नावानिशी लिहिणे मला योग्य वाटत नाही. अशा कोणत्याही ठिकाणी जाताना काय पाहावे आणि काय विचारावे, एवढ्यासाठी तरी या लेखाचा उपयोग व्हावा.

देशमुख, पाटील, इनामदार किंवा सरदार यांचे राहते घर, त्यांची पागा, गुरांचे गोठे आणि शेतातून व वसुलातून आलेले धान्य, हे सारे एका तटाच्या आत सुरक्षित राहावे म्हणून गढी बांधली जाई. तटाआड बसलेला वतनदार रयतेला नागवतो आणि राज्याला जुमानत नाही, हे ओळखून शिवाजी महाराजांनी वतनदारांचे कोट आणि हुडे पाडून त्यांना साध्या घरांत राहायला लावले, असे सभासदाच्या बखरीत आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना वतने पुन्हा द्यावी लागली आणि अठराव्या शतकात दख्खनच्या पठारावर गढ्या पुन्हा उभ्या राहिल्या. सासवडच्या परिसरात त्या काळाच्या खुणा जागोजाग आहेत. दिवे घाट चढून गेल्यावर जाधववाडीला पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेला जाधवगड आहे, जो आज हॉटेल म्हणून सर्वांना माहीत आहे. मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरीत पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचा बुरुजबंद वाडा आहे. आणि खुद्द सासवडमध्ये पुरंदऱ्यांचा वाडा आहे, ज्याच्या दरवाजासमोर उभे राहिले की शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. मी लिहीत आहे ती गढी या सर्वांपेक्षा लहान आहे. तिला चार बुरूज आहेत, त्यांतला एक ढासळलेला. आत दोन चौक, एक आड, पागा आणि मागे पंधरा-वीस एकर शेत. १९४८ चा कुळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा यांनी जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली, ते न्यायाचेच झाले. परंतु त्यानंतर अशा घराण्यांकडे इमारत उरली आणि ती सांभाळणारे उत्पन्न उरले नाही. पाहुण्यांच्या पैशावर तटाची डागडुजी व्हावी, या कल्पनेत म्हणूनच मला काही गैर दिसत नाही.

महादरवाजाची मोठी कवाडे येथे एरवी बंदच ठेवतात आणि पाहुण्यांना दिंडी दरवाजातून आत घेतात, हा निर्णय मला फार आवडला. दिंडीचा उंबरठा गुडघ्याला लागेल इतका उंच आणि वरची चौकट जेमतेम छातीपर्यंत, त्यामुळे आत येणाऱ्याला एकाच वेळी पाय उचलावा लागतो आणि मान खाली घालावी लागते. शत्रू आत शिरलाच तर तो एकेक करून, वाकलेल्या अवस्थेत आणि समोरचे काही दिसत नसताना शिरावा, यासाठी ही रचना होती. "ताई, आधी पाय टाका, मंग डोकं आत घ्या. मावशींचा हात मी धरतो," असे म्हणत तेथल्या राखणदार तात्यांनी सासूबाईंना आत घेतले. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत आणि समोर आडवी भिंत, त्यामुळे उजवीकडे वळल्याशिवाय चौक दिसत नाही. रात्री तात्यांनी भिंतीतल्या खोबणीतून अडसर ओढून दाखवला. माणसाच्या मांडीएवढा जाड, चौकोनी सागवानी वासा, दोनशे वर्षे तळहातांनी ओढून ओढून एका टोकाला काचेसारखा गुळगुळीत झालेला. तो दरवाजामागून सरकत पलीकडच्या भिंतीतल्या भोकात जाऊन बसतो तेव्हा होणारा आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो.

खोल्या एकूण आठ आहेत. त्यांतल्या नैर्ऋत्य बुरुजातल्या आणि माजघराच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या घ्याव्यात; पागेतल्या घेऊ नयेत. कारण पुढे सांगते.

बुरुजातली खोली गोल आहे आणि तिला खिडकी नाही. उजेड येतो तो जंग्यांमधून. जंगी आतल्या बाजूला हात पसरून उभे राहता येईल इतकी रुंद असते आणि बाहेर वीतभर फटीपर्यंत अरुंद होत जाते, म्हणजे आतल्या बंदूकधाऱ्याला डावी-उजवी हालचाल करता येते आणि बाहेरच्याला नेम धरायला काही सापडत नाही. काही जंग्या सरळ न ठेवता खाली उतरत्या ठेवलेल्या आहेत. त्या तटाच्या पायथ्याशी येऊन भिडलेल्या माणसासाठी. आता त्यांना आतून काच बसवली आहे आणि त्यांच्या रुंद तळाशी गादी घालून बसायला जागा केली आहे. तेथे बसून पाहिले की शेताचा एक उभा पट्टा, त्यापलीकडे नदीकाठच्या बाभळी आणि मागे पुरंदर-वज्रगडाची जोडी एवढेच दिसते, आणि प्रत्येक जंगीतून वेगळे दिसते. भिंत इतकी जाड आहे की दुपारचे ऊन आत पोहोचायला रात्र होते आणि रात्रीची थंडी आत यायला दुपार. या खोलीत वातानुकूलन यंत्र नाही. ते बसवावे अशी मागणी अनेक पाहुणे करतात असे मालकांनी सांगितले. त्यांनी ती मान्य करू नये, असे मी त्यांना आग्रहाने सांगून आले.

येथल्या दुरुस्तीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या मुक्कामाचे बरेवाईट सारे त्यावर ठरते. गढीचा तट खालून छातीभर उंचीपर्यंत काळ्या घडीव दगडाचा आहे आणि त्यावर पांढरीच्या मातीचा, म्हणजे जुन्या गावठाणातल्या चिकट पांढऱ्या मातीचा, भरीव थर आहे. अशी भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि बाहेर टाकते. ती वर्षभर श्वास घेत असते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते, म्हणून ते तिच्यावर चुन्याचा गिलावा करीत, जो ओलावा अडवत नाही. पहिल्या चौकात आणि बुरुजांत मालकांनी हेच केले आहे. चुना महिनाभर भिजवून, दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळून, त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी घालून गिलावा तयार केला गेला. ती घाणी मागच्या परड्यात अजून आहे आणि आम्ही गेलो तेव्हा ढासळलेल्या बुरुजासाठी तिच्यात चुना मळणे चालू होते. बैल गोल फिरत होता, चाकामागून एक बाई फावड्याने चुना पुन्हा चरात ओढत होती, आणि मधूनमधून चिमूटभर चुना बोटांत चोळून त्यात खडा लागतो का ते पाहत होती. "खडा ऱ्हायला की फुटतं भित्ताड," ती म्हणाली. न विझलेला चुन्याचा खडा गिलाव्यात राहिला तर नंतर ओल लागून फुगतो आणि त्या जागी पोपडा उडतो, हे तिने चार शब्दांत सांगितले. हे काम पाहायला पाहुण्यांना मनाई नाही आणि त्याचे वेगळे पैसेही घेत नाहीत. मुलांना न्यायचे असेल तर खेळण्याच्या जागेपेक्षा येथे न्यावे.

आता पागेबद्दल. पागेत नंतर केलेल्या चार खोल्यांना सिमेंटचा गिलावा करून त्यावर चकचकीत रंग दिला आहे. घाईत, एका हंगामात, कंत्राटदाराकडून करून घेतलेले ते काम आहे आणि त्याचे परिणाम दिसू लागले आहेत. सिमेंटमुळे भिंतीतला ओलावा आतच कोंडतो, वर चढतो, आणि बरोबर क्षार आणून रंगाखाली साठवतो. म्हणून पलंगाच्या उशापाशी रंग फुगून पांढरी पूड गळत होती आणि खोलीला कुबट वास होता. आम्हाला आधी तीच खोली दिली होती. तक्रार केल्यावर वाद न घालता खोली बदलून दिली, हे मान्य करायला हवे, परंतु नोंदणी करतानाच खोली कोणत्या भागातली आहे हे सांगितले जात नाही आणि दर मात्र सर्वांना सारखाच आहे. हा सिमेंटचा थर खरवडून काढण्याखेरीज त्याला उपाय नाही, आणि जितका उशीर होईल तितकी आतली माती अधिक भुसभुशीत होत जाईल.

दुसरी काळजी आगीची. गढीचा आतला सांगाडा सगळा लाकडी आहे: खांब, तुळया, कडीपाट, जिने. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा वरचे लाकूडकाम गेले आणि आज आपण तट, बुरूज आणि जोती पाहतो. येथे विजेच्या तारा लोखंडी नळ्यांमधून नेल्या आहेत, हे चांगले. पण वरच्या मजल्यावर आग विझवण्याचे एकच नळकांडे दिसले, आणि खाली उतरायला जिना एकच, तोही भिंतीच्या पोटातून गेलेला, काळोखी आणि चिंचोळा. पाहुणे झोपतात अशा लाकडी इमारतीत हे चालवून घेऊ नये. मालकांनी या मुद्द्यावर सर्वांत आधी काम करावे अशी माझी विनंती आहे.

या जागेचे खरे वेगळेपण असे की येथली शेती पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखलेली नाही. ती घराची शेती आहे आणि पाहुणे नसले तरी चालूच असते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून अशी नोंदणी केलेली ठिकाणे वाढली आहेत, पण त्यांतल्या काही ठिकाणी बैलगाडी फक्त फेरी मारण्यासाठी असते. येथे ज्वारी, हरभरा, वाटाणा, अंजीर आणि सीताफळ आहे, आणि त्या त्या हंगामात तेच काम चाललेले दिसते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा खट्टा बहर हिवाळ्यात आणि मीठा बहर उन्हाळ्याच्या तोंडी येतो. चवीने खाणाऱ्याने मीठ्या बहरातच जावे. अंजीर भल्या पहाटे तोडतात, कारण ऊन चढल्यावर तोडलेले फळ मऊ पडते आणि पुण्याच्या बाजारापर्यंत टिकत नाही. हा तालुका पर्जन्यछायेतला आहे आणि कऱ्हेला वर्षातले बरेच महिने पाणी नसते. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव न बांधण्याचा निर्णय घेतल्याबद्दल मालकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. आंघोळीला गरम पाणी बंबाचे मिळते, सकाळी ठरावीक वेळात, आणि ते पुरेसे असते.

दुसऱ्या चौकात पेव आहे. वरून पाहिले तर फक्त एक गोल दगडी झाकण. खाली मडक्याच्या आकाराची खोली खणलेली, तळाशी आणि कडेने कडबा लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे. आत हवा खेळत नसल्यामुळे कीड जगत नाही आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. धान्याच्या उच्छ्वासाने आतली हवा विषारी झालेली असते. पूर्वी आधी दिवा सोडून पाहत, तो विझला तर थांबत. तात्यांनी हे सगळे सांगितले, झाकण मात्र उघडले नाही, आणि तेच बरोबर आहे.

जेवणाबद्दल दोन वेगवेगळी मते द्यावी लागतील. आम्ही पोहोचलो त्या दिवशी पाहुणे मोजके होते आणि घरच्या आजी स्वतः चुलीपुढे बसल्या होत्या. हुलग्याच्या शेंगोळ्या, ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा, एवढेच ताटात होते. शेंगोळ्यांचा रस्सा हुलग्याच्या पिठानेच दाट झालेला, लसूण सढळ आणि तेलाचा तवंग नावालाही नाही. "दमानं जेवा, भाकरी तव्यावरच हाय," असे म्हणत आजी गरम भाकरी पुढे सरकवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मोठा गट आल्यावर मात्र आचारी बोलावला गेला आणि टेबलांवर पनीर, नूडल्स आणि रंगीत पुलाव मांडले गेले. घरचे जेवण मागितले तर "आज मोठ्या गटाचा स्वयंपाक आहे" असे उत्तर मिळाले. ज्यासाठी लोक घाट ओलांडून येतात तेच गर्दीच्या दिवशी बंद करणे ही मोठी चूक आहे. पदार्थ कमी करा, पण चुलीवरचे असू द्या, असे आम्ही सांगितले आणि आजींनीही मान हलवली.

हुरडा मात्र गर्दीतही उत्तम होता. शेतातच आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसे खोचलेली. भाजलेले कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवून, हिरवे दाणे थेट हातावर देतात. बरोबर लसणाची चटणी, गूळ आणि दही. हुरड्याची ज्वारी वेगळी, हे अनेकांना माहीत नसते. येथे गूळभेंडी पेरतात आणि ती दाण्यात दूध भरल्यापासून थोडेच दिवस हुरड्याला योग्य राहते. म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर या काळात जायचे असेल, तर फोनवर "हुरडा धरला का" असे विचारून मगच दिवस ठरवावा.

त्याच शनिवारी रात्री दुसऱ्या चौकात त्या गटासाठी ध्वनिवर्धक लावले गेले. दगडी तटांमध्ये आवाज कोंडून घुमतो आणि बुरुजाच्या खोलीत तर तो भिंतीतून येत असल्यासारखा वाटतो. सासूबाईंना झोप लागली नाही. दहाच्या सुमारास बंद झाले, म्हणजे नियम पाळला गेला, परंतु अशा जागी लोक शांततेचे पैसे देतात आणि ती शांतता शनिवारी मिळणार नसेल तर तसे आधी सांगायला हवे.

चौकात लावलेल्या माहितीफलकाबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटले. शिवाजी महाराज या गढीत मुक्कामाला होते आणि येथून पुरंदरापर्यंत भुयार जाते, असे त्यावर लिहिले आहे. दोन्हींना काही आधार दाखवला गेला नाही. वतनदारांचे असेच कोट पाडणाऱ्या राजाचे नाव आधाराशिवाय तटावर लावणे हे त्या राजाच्याही आणि या घराच्याही इतिहासाला न्याय देणारे नाही. आणि याची गरजच काय? घरात एका शिसवी पेटीत मोडी कागदांची बाडे आहेत. मालकांनी ती आम्हाला दाखवली: वाटपाचे कागद, कडब्याचे हिशेब, आडाच्या दुरुस्तीचा खर्च. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, मोडी वाचणारी माणसे आहेत. त्या पेटीतला एक कागद वाचून घेऊन, त्याचे छायाचित्र आणि देवनागरी लिप्यंतर भिंतीवर लावले, तर आडाच्या दुरुस्तीला किती मजूर लागले आणि त्यांना काय दिले गेले, हे पाहुणा त्याच आडाच्या काठावर उभा राहून वाचेल. मालकांना ही कल्पना पटली आणि त्यांनी फलक काढण्याचे कबूल केले आहे.

दर दोघांना एका रात्रीचे, दोन्ही वेळच्या जेवणासह, साडेसहा हजार रुपये आहेत. बुरुजातल्या खोलीसाठी ते योग्य आहेत; पागेतल्या खोलीसाठी नाहीत. खोल्यांमधला उजेड वाचनाला अपुरा आहे, तेव्हा वाचायचे असेल तर आपला दिवा न्यावा. पायऱ्या उंच आहेत आणि कठडे सगळीकडे नाहीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पहिल्या चौकातली तळमजल्याची एकमेव खोली आधीच मागून घ्यावी. सासूबाईंना आम्ही दुसऱ्या रात्री तेथे हलवले आणि त्यांची सोय चांगली झाली. आडवारी गेल्यास ध्वनिवर्धकही टळतो आणि आजींचे जेवणही मिळते, म्हणून शनिवार-रविवार टाळावा.

जाण्यासाठी हडपसरवरून दिवे घाट किंवा कोंढव्यावरून बोपदेव घाट, असे दोन रस्ते आहेत. बोपदेवाचा अरुंद आहे, पण सकाळी मोकळा असतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते तेव्हा घाट वाहनांना बंद असतो आणि गढीही पाहुण्यांसाठी बंद ठेवतात, कारण त्या दिवसांत दोन्ही चौक वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी आणि पंगतीसाठी मोकळे करून दिले जातात. त्या आठवड्यात नोंदणी मागू नये.